नियम क्रमांक सात

१६ जून १९६९

नवीन वही, नवीन टर्म. आजपासून रोज पहाटे पाचला उठणार. ‘सुबोध तर्कशास्त्र’ हे पुस्तक दिवाळीपर्यंत पुरं करणार. पहिलं प्रकरण जवळजवळ झालंच आहे, फक्त त्याची सुरुवात जमत नाही. चहा दोनच वेळा. आणि कुणापुढे वाकायचं नाही.

आज उठायला साडेसात झाले. पण निश्चय उठल्यावर केला, त्यामुळे तो उद्यापासून लागू.

१७ जून

पावणेसात. प्रगती.

१९ जून

महत्त्वाची घटना. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून मला आक्कासाहेब शिष्यवृत्ती कमिटीचा सेक्रेटरी केलं. म्हणाले, बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं. म्हणजे एवढी जबाबदारी पेलायची धमक बाकी कुणात नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलेलं दिसतं.

आमचं कॉलेज खाजगी, फक्त आर्ट्सचं, लहानसं. पण कोल्हापुरात कुठेच नाही अशी एक गोष्ट आमच्याकडे आहे. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आण्णा यांनी आईच्या नावाने हा निधी ठेवला. दरसाल एकाच विद्यार्थ्याला, पदवी मिळेपर्यंत फी, पुस्तकं आणि हॉस्टेलची खोली. जात बघायची नाही, उत्पन्न बघायचं नाही, वशिला तर नाहीच. फक्त मेरिट.

आण्णा स्वतः हजर होते. मार्चनंतर उपप्राचार्यांची जागा रिकामी होतेय असं बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं. तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. माझ्यामागे खिडकी होती हे खरं, पण नजर माझ्यावरच होती.

घरी येऊन सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, एखाद्या गरिबाच्या पोराचं भलं होईल. बायकांना पोस्टचं महत्त्व कळत नाही.

२२ जून

शिष्यवृत्तीचे जुने नियम वाचले. फार ढिले. सगळे नव्याने लिहिले. विशेषतः सातवा माझाच. ‘मुलाखतीस कोणत्याही कारणास्तव अनुपस्थित राहणाऱ्या उमेदवाराचा विचार केला जाणार नाही.’ ‘कोणत्याही कारणास्तव’ हे तीन वेळा लिहून पाहिलं, मग बसलं. या शब्दांत एक वजन आहे.

पुस्तकाला वेळ मिळाला नाही. पण हेही तर्कशास्त्रच.

२९ जून

शिष्यवृत्तीची परीक्षा झाली. निबंधाचे पेपर मी तपासले. विषय मीच दिलेला, ‘माझी भाषा’. बहुतेकांनी मराठी भाषा अमृताहून गोड वगैरे लिहिलंय. वाचून कंटाळलो. तिसरा चहा घ्यावा लागला. (तपासणीच्या दिवसांत सूट.)

मग एक पेपर आला. कुरुंदवाडची मुलगी, जुलेखा मीरासाब पिंजारी. तिने लिहिलंय की घरी आई दखनीत रागावते, वडील गिऱ्हाइकाशी गावच्या मराठीत बोलतात आणि शाळेत बाई पुस्तकातलं बोलायला लावतात. ‘मागच्या वर्षी मला ताप आला. बरी झाल्यावर मी आईला विचारलं, मी तापात कोणत्या भाषेत बडबडत होते? आई म्हणाली, तू गप्पच होतीस. ती गप्प राहण्याची भाषा कोणती, ते मला शिकायचं आहे.’

दोनदा वाचला. मग सरोजिनीला वाचून दाखवला. तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, हिलाच द्या.

पन्नासपैकी शेहेचाळीस दिले. अठ्ठेचाळीस देणार होतो, पण ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत. मोह आवरला.

३ जुलै

निकाल. जुलेखा पहिली, कागलचा बाळासो दुसरा. दोघांत चांगलंच अंतर. आता मुलाखत फक्त नावाला. १९ तारीख ठरली.

६ जुलै

मीरासाब मुलीला घेऊन घरी आले. उंच, हडकुळे, मिशा पिकू लागलेल्या. गाद्या करतात. पिंजायची धनुकली खांद्यालाच होती. येताना वाटेत कुणाचं तरी काम करून आले. मुलगी बारीक, दोन वेण्या, बोलते कमी. मला वाटलं अभ्यासक्रम विचारेल. तिने विचारलं, हॉस्टेलच्या खोलीत दिवा किती वाजेपर्यंत ठेवता येतो? मी म्हणालो, दहा. ती थोडा विचार करून म्हणाली, पुरेल.

सरोजिनी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दोघींचं हसणं ऐकू आलं.

मीरासाब मला म्हणाले, ‘‘सर, माझं मेव्हणं मागं लागल्यात. मिरजेचं स्थळ हाय. पर मी सांगितलंय, कॉलेजानं सोताहून पोरीला बोलिवलं, तर पोरगी जाणार. मग मी कुणाचं ऐकत न्हाय. आमच्यात अजून कुठली पोरगी शिकाय बाहीर गेली न्हाय. तुमी काय म्हंता?’’

मी म्हणालो, निश्चिंत राहा. मी आहे.

हे म्हणताना माझा आवाज छान लागला होता.

जाताना त्यांनी माझ्या गादीवर हात फिरवला. म्हणाले, ‘‘ह्यात गाठी झाल्यात की. ह्याच्यावर झोप कशी लागती तुमाला?’’ मी नको नको म्हणत होतो, तोवर त्यांनी अंगणात गादी उसवली, कापूस पिंजला, पुन्हा शिवली. पैसे घेईनात. मी तत्त्व म्हणून दोनदा पुढे केले. तिसऱ्यांदा केले असते तर त्यांचा अपमान झाला असता.

७ जुलै

नऊला उठलो. फार वर्षांनी इतकी झोप लागली. पहाटे उठण्याचा निश्चय गादी जरा घट्ट होईपर्यंत स्थगित.

१६ जुलै

पाऊस थांबत नाही. पंचगंगा पात्राबाहेर आल्याचं कॉलेजचे शिपाई तात्या सांगत होते. तात्यांना प्रत्येक गोष्ट मोठी करून सांगायची सवय आहे.

१८ जुलै

तात्या खरं बोलत होते. शिरोळकडचा रस्ता पाण्याखाली. कुरुंदवाडची एस.टी. बंद. सरोजिनीने सकाळपासून तीनदा विचारलं, त्या मुलीचं कसं होणार? मी शांत आहे. उद्याच्या मीटिंगमध्ये आठ दिवसांची मुदतवाढ मागणार. भाषणही तयार केलंय. सुरुवात, ‘‘नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात.’’ आरशासमोर म्हणून पाहिलं. सरोजिनी दारात उभी होती. म्हणाली, उद्या असंच म्हणा.

१९ जुलै

आज जे झालं ते नीट लिहून ठेवणं आवश्यक आहे.

मीटिंगला आण्णा, प्राचार्य, इंग्रजीच्या नंदिनीबाई आणि मी. बाळासोची मुलाखत झाली. मुलगा साधा, प्रामाणिक, उत्तरं बरी दिली. जुलेखा आली नव्हती. येणार कुठून?

मी भाषणासाठी योग्य क्षणाची वाट बघत होतो. चहा आला. चहात बोलणं बरं दिसलं नसतं. तेवढ्यात नंदिनीबाई बोलून गेल्या. म्हणाल्या, पहिली आलेली मुलगी पुरात अडकली आहे, आठ दिवस थांबू. प्राचार्य म्हणाले, माझी हरकत नाही, आण्णा म्हणतील तसं. आण्णांना पन्हाळ्याला पाहुण्यांकडे जायचं होतं, सारखे घड्याळ बघत होते. त्यांनी मला विचारलं, ‘‘प्रोफेसर, नियम तुमी केल्यात. तुमचं काय म्हणणं हाय?’’

नंदिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. सगळेच बघत होते.

माझं भाषण तयार होतं. पण नंदिनीबाईंनी मुद्दा आधीच मांडल्यामुळे ते त्यांच्या मागोमाग बोलल्यासारखं झालं असतं. शिवाय आण्णांचा सूर अजून कळला नव्हता. अशा वेळी घाईने मत देणं म्हणजे भावनेच्या आहारी जाणं. मी म्हणालो, नियमाप्रमाणे व्हावं.

माझ्या मनात होतं की हे प्रास्ताविक समजलं जाईल आणि पुढे मला बोलता येईल. पण आण्णा उठलेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘तत्त्वाचा माणूस हाय ह्यो.’’ बाळासोचं नाव लिहिलं गेलं. सही मीच केली, सेक्रेटरी म्हणून करावीच लागते.

नंदिनीबाई अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेल्या. मुद्दा हरला की काही लोकांना राग येतो.

सरोजिनीला सांगितलं, प्रयत्नांची शिकस्त केली. तिने विचारलं, ते वाक्य म्हणालात? मी म्हणालो, परिस्थिती वेगळी होती.

२२ जुलै

ती दोघं आली. नावेतून पलीकडे, मग चिखलातून चालत जयसिंगपूर, तिथून रेल्वेने. मुलीच्या चपला हातात होत्या. पाय धुवायला सरोजिनीने पाणी दिलं.

मी सगळं समजावलं. नियम क्रमांक सात. कमिटी. बहुमत. आणि म्हणालो, मी शेवटपर्यंत लढलो. शब्दशः पाहिलं तर लढणं ही मनातली क्रिया आहे आणि मनात मी खरोखरच शेवटपर्यंत लढत होतो. त्या अर्थी हे विधान सत्य आहे.

मीरासाबांनी माझे दोन्ही हात धरले. ‘‘तुमी हुता म्हणून एवढं तरी झालं. न्हायतर आमची बाजू कोण मांडतंय?’’

जुलेखाने विचारलं, ‘‘सर, दुसरा काही मार्ग आहे?’’ मी म्हणालो, आहे. दिवाळीपर्यंत काहीतरी नक्की करतो. मीरासाब म्हणाले, मग तोवर मिरजवाल्यांना थांबवतो, सरांचा शब्द हाय म्हणून सांगतो.

तिला माझ्याकडचं तर्कशास्त्राचं एक पुस्तक वाचायला दिलं. ती म्हणाली, जपून ठेवीन.

ती गेल्यावर सरोजिनी म्हणाली, मागची खोली रिकामीच असते. तिथे राहू दे तिला. दोन पोळ्या जास्त लाटीन, फीचं काहीतरी बघू. मी म्हणालो, अशक्य. कमिटीच्या सेक्रेटरीच्या घरी कमिटीचा उमेदवार! लोक काय म्हणतील? शिवाय मागच्या खोलीत माझ्या पुस्तकाची टिपणं आहेत.

ती म्हणाली, तिथे फक्त वर्तमानपत्रांची रद्दी आहे. मी वाद घातला नाही. संशोधनाची साधनं बाहेरच्याला रद्दीच वाटतात.

१० ऑगस्ट

पुस्तकाची पहिली ओळ सुचली. ‘मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे.’ दिवसभर बघत बसलो. फार सपाट वाटते. खोडली.

२० ऑगस्ट

आश्चर्य. बाळासो स्टाफरूममध्ये आला. त्याचा पॉलिटेक्निकला नंबर लागलाय, कॉलेज सोडतोय. म्हणाला, ‘‘सर, ती पहिली आलेली मुलगी हुती न्हवं? आता तिला द्या की. मला तवाच कसंतरी वाटल्यालं.’’ सरळ मनाचा मुलगा. अर्थात नियमांची गुंतागुंत त्याला काय कळणार?

तरी नियम उघडून पाहिले. जागा रिकामी झाली आणि ऑगस्ट संपायच्या आत सेक्रेटरीने शिफारस दिली, तर परीक्षेच्या यादीतून उरलेला पहिला उमेदवार घेता येतो. मुलाखतीची गरज नाही, म्हणून सातवा नियम आड येत नाही. म्हणजे सगळं माझ्या हातात!

लगेच कुरुंदवाडला कार्ड टाकलं. ‘काम झाले असे समजावे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अंथरूण-पांघरूण घेऊन यावे.’ सरोजिनीला सांगितलं. तिने आज शिरा केला. किती दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली.

शेवटी चिकाटीचाच विजय होतो.

२३ ऑगस्ट

शिफारस लिहायला घेतली. ही साधी शिफारस नको. गुणवत्ता म्हणजे काय, समाज आणि गुणवत्ता, स्त्रीशिक्षण, सगळं आलं पाहिजे. आण्णांनी वाचल्यावर उपप्राचार्य कोण हवा हा प्रश्नच उरू नये.

२६ ऑगस्ट

नंदिनीबाईंनी विचारलं, शिफारस दिलीत ना? मी म्हणालो, तयार होतेय. त्या म्हणाल्या, दोन ओळी पुरतात, मी लिहून देऊ का, तुम्ही फक्त सही करा. माझ्या कामात नाक खुपसायची ही तऱ्हा मला आवडली नाही. नम्रपणे नकार दिला.

२९ ऑगस्ट

आठ पानं झाली. ‘प्राचीन भारतातील गुणवत्ता’ हा भाग लांबतोय. उद्या पुरा करतो.

३१ ऑगस्ट

पूर्ण! नऊ पानं. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून कॉलेजात गेलो. ऑफिसला कुलूप. तात्या गेटवर पानाची चंची उघडून बसले होते. म्हणाले, ‘‘सर, आज रविवार न्हवं का?’’

१ सप्टेंबर

प्राचार्यांना नेऊन दिली. त्यांनी कॅलेंडर बघितलं. म्हणाले, मुदत कालच संपली, मंडळाला कळवून टाकलं की यंदा जागा रिकामी. मी म्हणालो, एका दिवसाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, ‘‘नियमांबाबत तुम्हीच एवढे काटेकोर, मी काय बोलणार? फार तर आण्णांना भेटून बघा.’’

आण्णांना भेटायला हरकत नाही. पण आत्ता भेटलो तर शिफारस उशिरा गेली हेच आधी कळणार. योग्य वेळ बघून भेटतो. मार्च फार लांब नाही.

कुरुंदवाडला दुसरं कार्ड टाकायला हवं. उद्या टाकतो.

३ सप्टेंबर

कार्ड लिहिलं. शब्द फार कोरडे वाटले. फाडलं.

४ सप्टेंबर

कार्ड संपली होती. पोस्टात जाणार होतो, पाऊस आला.

६ सप्टेंबर

दुपारी स्टाफरूमच्या खिडकीतून बघतो तर व्हरांड्यात मीरासाब आणि जुलेखा. सोबत एक ट्रंक, आणि नवी गादी, गुंडाळून सुतळीने बांधलेली. गुलाबी फुलांचं कापड. मीरासाब हॉस्टेलच्या बाजूला बघत होते. मुलगी गादीवर बसली होती. नवीन ओढणी होती.

भेटायचं ठरवलं. पण काय सांगायचं, ते आधी क्रमवार मनात मांडायला हवं होतं. तात्यांना म्हणालो, सांगा, सर मीटिंगला गेलेत. तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘सर, लांबनं आल्यात ती.’’ मी म्हणालो, माहीत आहे.

तात्या गेले, बोलले. मीरासाबांनी मान हलवली आणि तेही खाली बसले. म्हणजे ते वाट बघणार. मी दार लोटून कपाटाच्या आडोशाला उभा राहिलो. तिथे धूळ फार. एकदा खोकला आला, दाबता आला नाही. बाहेर ऐकू गेला नसावा.

थोड्या वेळाने जुलेखा दारापर्यंत आली असं वाटलं. दारात कुणीतरी थांबलं. मग पावलं परत गेली.

शेवटी नंदिनीबाईंचा तास संपला. त्या व्हरांड्यातून येताना थांबल्या, त्यांच्याशी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मीरासाबांनी उठून गादी खांद्यावर घेतली. मुलीने ट्रंक उचलली. गेटपर्यंत ती एकदाही वळली नाही.

मी दहा मिनिटांनी बाहेर आलो. माझी तयारी झाली होती, पण उशीर झाला.

घरी सरोजिनी नव्हती. तात्यांनी जाता जाता तिला सांगितलं म्हणे, आणि ती तशीच एस.टी. स्टँडवर धावली. संध्याकाळी परत आली. मी विचारलं, भेटली का? ती म्हणाली, गाडीत बसली होती. खिडकीतून हात धरला तिचा. मी विचारलं, काय म्हणाली? सरोजिनी म्हणाली, काही नाही. गप्पच होती.

मग ताट वाढून दिलं. स्वतः जेवली नाही.

१५ सप्टेंबर

गणपती बसले. घरी शांतता. सरोजिनी लागेल तेवढंच बोलते. मी तिला म्हणालो, दिवाळीपर्यंत काहीतरी करतो असं मी म्हटलंच आहे. तिने मोदकाचं पीठ मळायला घेतलं.

९ नोव्हेंबर, दिवाळी

आण्णांकडे फराळाला गेलो. आज विषय काढायचाच असं ठरवून. त्यांनी चिवडा दिला आणि म्हणाले, ‘‘तुमची ती नऊ पानं वाचली बरं का प्रोफेसर. झोप लागली बगा.’’ सगळे हसले. मीही हसलो. अशा हलक्याफुलक्या वातावरणात गंभीर विषय काढणं औचित्याला धरून झालं नसतं.

२ डिसेंबर

कुरुंदवाडहून निरोप. ऊस तोडायच्या गाडीवरचा एक माणूस सांगून गेला. जुलेखाचं लग्न ठरलं, मिरजेचंच स्थळ. २८ तारखेला. सरांनी आणि बाईंनी यायचंच.

जाणार. नक्की जाणार. समोर बसून सगळं स्पष्ट करणार. तोवर तिच्या पुढच्या शिक्षणाचीही एक योजना आखतो. लग्नानंतरही बाहेरून परीक्षा देता येते. या दृष्टीने पाहिलं तर काहीच बिघडलेलं नाही.

२८ डिसेंबर

सकाळी अंगात कसकस वाटली. थर्मामीटरमध्ये काही दिसलं नाही, पण कसकस थर्मामीटरमध्ये दिसतेच असं नाही. सरोजिनी नवी साडी नेसून उभी होती. म्हणाली, येताय? मी म्हणालो, तू पुढे हो, मी दुपारच्या गाडीने येतो. तिने पिशवी उचलली.

दुपारी बरं वाटलं. पण गाडी गेली असणार म्हणून चौकशी केली नाही.

२९ डिसेंबर

सरोजिनी आली. विचारल्यावर सांगितलं. नवरा मुलगा मिरजेत लाउडस्पीकरच्या दुकानात आहे, माणूस बरा वाटला. चाँदबीने, म्हणजे मुलीच्या आईने, सरोजिनीला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. मीरासाब सगळ्यांना सांगत होते, ह्या त्या सरांच्या बाई.

मी विचारलं, जुलेखा काय म्हणाली? सरोजिनी म्हणाली, तुमचं पुस्तक परत देत होती. मी घेतलं नाही.

का नाही घेतलंस?

ती उठून मागच्या खोलीत गेली. मघाशी बघितलं तर रद्दी सगळी बाहेर काढून ठेवली आहे, फरशी पुसली आहे. खोली रिकामी. तिथे काय करणार विचारलं तर म्हणाली, काही नाही.

१ जानेवारी १९७०

नवीन वर्ष. निश्चय: पहाटे पाच. चहा दोन. पुस्तक मेपर्यंत. कुणापुढे वाकायचं नाही, हे मागच्या वर्षी पाळलं गेलं असल्यामुळे पुन्हा लिहीत नाही.

२३ मार्च

उपप्राचार्यपदी नंदिनीबाई. आण्णांनी सभेत सांगितलं की आठ दिवस थांबा म्हणायला त्या दिवशी तिलाच जमलं, आपल्याला तसलं माणूस पाहिजे. आपल्याला! पन्हाळ्याची घाई त्यांनाच होती. मला भेटल्यावर म्हणाले, ‘‘प्रोफेसर, तुमी वर्गातच शोभता.’’ ही स्तुती होती यात शंका नाही, पण जरा अवघड जागी झाली.

घरी सांगितलं. वाटलं होतं सरोजिनी काही बोलेल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पुरणपोळीला डाळ घातली आहे, नंदिनीबाईंना चार द्यायला जाते.

५ जून

शिष्यवृत्तीचं काम यंदा नंदिनीबाईंकडे. त्यांनी नियम बदलले. सातवा काढून टाकला. त्याच्या जागी एक ओळ आहे, अडचण असेल त्याने कळवावे, कमिटी थांबेल. भाषा अगदीच बाळबोध.

१४ जून

सकाळी सांगलीला जायला एस.टी. स्टँडवर गेलो होतो. कुरुंदवाडच्या गाडीजवळ मीरासाब दिसले. मी वर्तमानपत्र उघडलं, पण त्यांनी आधीच पाहिलं होतं. धनुकली खाली ठेवून लगबगीने आले, तसेच दोन्ही हात धरले. मिशा आता सगळ्या पांढऱ्या झाल्यात, जरा वाकल्यासारखे वाटले.

म्हणाले, ‘‘सर, तुमी लई केलं आमच्या पोरीसाठी. नशिबात नव्हतं ते जाऊ द्या. पर गावात कुणीबी इचारलं तर मी सांगतो, कोल्लापुरात एक माणूस आमच्यासाठी शेवटपातूर भांडला.’’

मी म्हणालो, कर्तव्यच होतं.

जुलेखा कशी आहे विचारलं. म्हणाले, बरी हाय. जावई कामाचा हाय, जाच न्हाय कसला. चार दिस झालं माहेरी आलीया. मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘एक मातर कळत न्हाय बगा. तुमचं नाव निघालं की ती उठून आत जाती. कवाबी. मी म्हटलं, अगं, सरांनी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू अशी का? तर बोलत न्हाय. आईलाबी सांगत न्हाय. तुमी शिकल्यालं माणूस. तुमाला काय वाटतं, कशानं असंल?’’

ते खरंच विचारत होते. माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. आजूबाजूला लोक गाडीत चढत होते.

मी म्हणालो, संकोच वाटत असेल. मोठ्या माणसांचा मुलींना वाटतो.

त्यांना पटलं. चेहरा उजळला. म्हणाले, ‘‘व्हय, तसंच असणार. मला सुचलंच न्हाय.’’

कंडक्टरने घंटी दिली. मीरासाब धनुकली सावरत पायरीवर चढले. मी सांगलीची गाडी सोडून तिथेच उभा राहिलो, का ते सांगता येत नाही. खिडकीतून वाकून ते म्हणाले, ‘‘घरी गेल्या गेल्या सांगतो तिला, सर भेटलंते म्हणून. तुमची लई आठवण काढत हुते म्हणून.’’

नका सांगू, असं म्हणणार होतो. तेवढ्यात गाडी निघाली.